सात फेऱ्या इकडे, दहा तिकडे: जुना ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्स ओळखायचा आणि वापरात आणायचा तो असा

‘ओव्हरड्राइव्ह आहे, पण चालत नाही,’ विकणारे आजोबा म्हणाले आणि त्या एका वाक्याने गिअरबॉक्सची किंमत निम्मी झाली.

जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार होता. पेनसिल्व्हेनियात हर्शीला दर ऑक्टोबरात भरतो तो या मंडळींचा पंढरपूर. हा त्यामानाने गावचा उरूस. ताडपत्रीवर कार्बोरेटर, हबकॅप, गंजलेले बंपर, आणि मधोमध काळ्या तेलात माखलेलं हे लांबट धूड. माझ्या १९५१ च्या फोर्डला मला असाच हवा होता. ‘चालत नाही’ म्हणजे नेमकं काय, ते आजोबांनाही ठाऊक नव्हतं; कुणाच्या तरी शेडमधून उचलून आणलेला माल. घरी आणून धुतल्यावर बिघाड सापडला. तो काय होता ते पुढे सांगतो. आधी हे यंत्र करतं काय ते पाहू, नाहीतर ओळखायचं कशावरून हेच कळणार नाही.

त्या काळच्या अमेरिकन गाडीला बहुधा तीन गिअर. तिसऱ्यात गिअरबॉक्स काहीच करत नाही: इंजिनची एक फेरी, प्रॉपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याची) एक फेरी. वेग उतरवायचं काम मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरसंचाचं. तिथला आकडा ४.१० असेल तर प्रॉपेलर ४.१० वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. आकडा मोठा असला की गाडी चढावर दमत नाही आणि चौकातून झटकन उचलते. पण हमरस्त्यावर तोच आकडा डोकेदुखी होतो. २८ इंच व्यासाच्या टायरवर ताशी १०० किलोमीटर धरले तर इंजिन मिनिटाला साधारण ३,०५० फेऱ्या घेतं. आजच्या गाडीला हे काहीच नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या इंजिनाला मात्र तासन्‌तास तसं पळवणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला शर्यतीत जुंपण्यासारखं आहे, आणि आत बसलेल्यांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं ते वेगळंच.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे बाहेर जाणारा शाफ्ट इंजिनपेक्षा जास्त फिरवणारी जोडणी. प्रमाण ०.७० असेल तर इंजिनच्या सात फेऱ्यांत प्रॉपेलरच्या दहा होतात. मग त्याच १०० च्या वेगाला इंजिन २,१४० वर येतं. सायकलवर सपाटीला लागल्यावर मागे लहान चकतीवर साखळी टाकतो, पाय निवांत चालतात आणि सायकल पळत राहते, तोच प्रकार.

आता ओळख. इथे पहिला घोळ असा की ‘ओव्हरड्राइव्ह’ या एकाच नावाखाली वेगवेगळ्या घराण्यांचा माल विकला जातो. मला वारंवार भेटलेली घराणी तीन.

एकात ओव्हरड्राइव्ह हा गिअरबॉक्सच्या पोटातलाच एक गिअर असतो. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकन कंपन्यांना पेट्रोलची किंमत कळली. क्रायस्लरने आपला भरवशाचा ए-८३३ हा चार गिअरचा बॉक्स घेतला आणि १९७५ पासून त्याची ओव्हरड्राइव्ह आवृत्ती काढली. प्रमाणं ३.०९, १.६७, १.०० आणि ०.७३. यातली युक्ती मला फार आवडते. नव्या रचनेत ओव्हरड्राइव्हची गिअरजोडी आत जुन्या तिसऱ्या गिअरच्या जागी बसवली. म्हणजे चालकाने तिसरा टाकला की ओव्हरड्राइव्ह लागायला हवा आणि चौथा टाकला की सरळ गिअर. हा उलटा मामला सरळ करण्यासाठी त्यांनी बॉक्सच्या अंगावरचा तिसऱ्या-चौथ्याचा लिव्हर चक्क उलटा बसवला. झालं, हातातला दांडा पूर्वीसारखाच चालायला लागला. म्हणून जमिनीवर पडलेल्या ए-८३३ चा एक लिव्हर वर आणि दुसरा खाली तोंड करून दिसला तर कान टवकारा. अर्थात लिव्हर कुणीही काढून उलटा लावू शकतो. खरी परीक्षा फेऱ्या मोजायची, ती सगळ्या घराण्यांना लागू आहे.

दुसरं घराणं इंग्रजी: शेफिल्डच्या लेकॉकचं, एडगर द नॉर्मनव्हिल यांच्या रचनेवरचं. एमजीबी, ट्रायम्फची टीआर मालिका, ऑस्टिन-हीली, व्होल्व्हो अशा गाड्यांत गिअरबॉक्सच्या मागे वेगळा डबा जोडलेला दिसतो. आत पंप आणि तेलाचा दाब, बाहेर पितळी किंवा रंगीत पट्टी. या डब्याबद्दल एकच गोष्ट ध्यानात ठेवा: ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना गाडी रिव्हर्स घेतली तर आतल्या भागांचा चुरा होतो. तो वरच्या गिअरखेरीज लागू नये म्हणून एक स्विच असतो. विकत घेताना तो स्विच आणि त्याची वायर जागेवर आहे का, हे आधी बघा.

तिसरं घराणं बोर्ग-वॉर्नरचं, आणि माझा जीव अडकलाय तो याच्यात. १९३४ च्या क्रायस्लर एअरफ्लोपासून हा प्रकार रस्त्यावर आला. पुढे स्टुडबेकर, नॅश, फोर्ड अशा कितीतरी गाड्यांना जादा पैसे मोजून तो मिळायचा. प्लिमथने तो १९५२ मध्ये देऊ केला. शेवरलेचा प्रॉपेलर १९५४ पर्यंत बंद नळीत असायचा; १९५५ ला तो उघडा झाला आणि त्याच वर्षी ओव्हरड्राइव्हही आला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जुळवलेल्या डॉज, डिसोटो, प्लिमथ अजूनही मुंबई-पुण्याकडे हौसेने जपल्या जातात. त्यांच्या मालकांनी पुढचा भाग जरा सावकाश वाचावा.

बाहेरून हा ओळखायला सोपा आहे. साधा तीन गिअरचा बॉक्स आखूड असतो, याला मागे लांब शेपूट असते. शेपटीच्या एका अंगाला डब्यासारखं सोलेनॉइड (वीज दिली की आतला दांडा ढकलणारं), दोन बोल्टवर बसवलेलं. जवळच केबल जोडायचा छोटा लिव्हर. मागच्या बाजूला आटे पाडून बसवलेला गव्हर्नर, म्हणजे गाडीच्या वेगावर चालणारा स्विच. सोलेनॉइड आणि गव्हर्नर बहुधा कुणीतरी काढून नेलेले असतात, तेव्हा त्यांच्या जागची भोकं शोधा. पुढच्या बॉक्सवर ओतीव अक्षरांत टी-८६, टी-८५, टी-९६ असे आकडे सापडतात. ओव्हरड्राइव्हच्या भागाला आर-१० आणि आर-११ म्हणतात. आर-११ दणकट, मोठ्या इंजिनांसाठी.

एक इशारा इथेच देतो. फक्त शेपूट विकत घेऊन आपल्या साध्या बॉक्सला जोडता येत नाही. गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्टच ओव्हरड्राइव्हच्या आतपर्यंत गेलेला असतो, तो साध्या बॉक्सच्या शाफ्टपेक्षा लांब आणि वेगळा. घ्यायचा तर अख्खा घ्या.

शेपटीच्या आत काय आहे? मध्ये एक दातेरी चाक, त्याच्याभोवती फिरणारी लहान चाकं, आणि सगळ्यांना वेढून आतून दाते पाडलेलं कडं. मेकॅनिक यांना सन, प्लॅनेट आणि रिंग म्हणतात. सूर्य, ग्रह आणि कडं म्हणू. गिअरबॉक्सचा शाफ्ट ग्रहांच्या चौकटीला फिरवतो आणि कडं प्रॉपेलरला. सूर्य मोकळा असेल तर तोही सगळ्यांबरोबर भिरभिरत राहतो, काही फरक पडत नाही. पण सूर्याला घट्ट धरून ठेवलं की ग्रहांना त्याच्यावरून गडगडत जावं लागतं आणि ते कड्याला स्वतःपेक्षा जोरात पुढे ढकलतात. त्या सातच्या दहा फेऱ्या इथे होतात.

सूर्याला धरायचं काम एका लोखंडी खिट्टीचं. सायकलवाले फ्रीव्हीलमधल्या ज्या तुकड्याला कुत्रा म्हणतात, त्याचाच हा मोठा भाऊ. सोलेनॉइड या कुत्र्याला पुढे ढकलतं आणि तो सूर्याच्या खाचेत अडकतो.

फ्रीव्हीलही आहेच. ओव्हरड्राइव्ह लागलेला नसतो तेव्हा इंजिनची ताकद प्रॉपेलरकडे जाते ती गोल रुळांच्या एकतर्फी क्लचमधून. इंजिन ढकलतंय तोवर रुळ आवळून बसतात. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की ते सुटतात आणि गाडी पेडल थांबवलेल्या सायकलसारखी आपली आपण घरंगळते. डॅशबोर्डखालची मूठ बाहेर ओढली की सूर्य आणि चौकट एकमेकांत अडकतात, फ्रीव्हील-ओव्हरड्राइव्ह दोन्ही रद्द, गाडी साध्या तीन गिअरसारखी. मूठ आत ढकलली की सगळा खेळ सुरू.

हे कळलं की बाजारातच परीक्षा घेता येते. मी खिशात खडू ठेवतो. पुढच्या शाफ्टवर एक रेघ, मागच्या जोडावर एक रेघ. बॉक्स तिसऱ्या गिअरला टाकायचा. केबलचा लिव्हर फ्रीव्हीलच्या बाजूला असताना पुढचा शाफ्ट इंजिनच्या दिशेने फिरवला की मागचाही फिरायला हवा. मग पुढचा घट्ट धरून मागचा त्याच दिशेने फिरवा: तो मोकळा फिरला पाहिजे. उलट दिशेने फिरवा: तो अडला पाहिजे. पुढून फिरवताना मागचा कधी फिरतोय, कधी घसरतोय असं असेल तर रुळ झिजलेत किंवा जुन्या तेलाच्या गोंदात चिकटलेत. आता लिव्हर पूर्ण दुसऱ्या टोकाला न्या. दोन्ही दिशांना दोन्ही शाफ्ट एकत्र फिरले पाहिजेत. या दोन परीक्षांत बॉक्स पास झाला आणि फिरवताना खडखड ऐकू आली नाही, तर माझ्या लेखी तो घेण्याजोगा. सोलेनॉइड मेलेलं असलं तरी.

कारण यातला बहुतेक माल भंगारात गेला तो विजेपायी. लोखंड धडधाकट असतं; सत्तर वर्षांच्या वायरीचं आवरण गळतं, रिले (विजेवर चालणारा स्विच) चिकटतो, आणि मालक मूठ कायमची ओढून ठेवतो. पुढचा मालक म्हणतो, चालत नाही.

सोलेनॉइड टेबलावर तपासता येतं. आधी ते किती व्होल्टचं आहे ते पाहा. अमेरिकन गाड्या १९५५-५६ च्या सुमारास ६ वरून १२ व्होल्टवर गेल्या. ६ व्होल्टचं सोलेनॉइड १२ वर जळतं आणि १२ चं ६ वर ओढतच नाही. माझ्या फोर्डमध्ये ६ व्होल्ट, तेही पॉझिटिव्ह अर्थचं, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं, तेव्हा वायर लावण्याआधी दोनदा विचार. आत दोन गुंडाळ्या असतात: एक जाड, जोराने ढकलणारी; दुसरी बारीक, ढकललेलं नुसतं धरून ठेवणारी. दांडा टोकाला पोचला की आतला संपर्क तुटून जाडी बंद व्हायला हवी. तो संपर्क चिकटला तर दोन्ही चालू राहतात आणि सोलेनॉइड बघता बघता भाजून निघतं. म्हणून बॅटरी लावताना मधे अ‍ॅमीटर ठेवा. काटा उसळून लगेच खाली आला तर ठीक. वरच राहिला तर ताबडतोब वायर काढा.

आता आजोबांच्या बॉक्सचा बिघाड. सोलेनॉइड उत्तम होतं. वीज दिली की ठक् आवाज यायचा, पण आतला कुत्रा जागचा हलत नव्हता. दांड्याचं टोक अर्ध्या गोळीसारखं असतं. ते कुत्र्याच्या खाचेत सरळ घालून पाव फेरी फिरवायचं, म्हणजे ते आत अडकतं, आणि मगच दोन बोल्ट लावायचे. कधीतरी कुणीतरी ते न फिरवता तसंच बसवलं होतं. बोल्ट लावण्याआधी सोलेनॉइड हाताने ओढून पाहिलं असतं तर ते सुळकन बाहेर आलं असतं आणि चूक तिथेच कळली असती. पाव फेरी! त्यापायी तो बॉक्स किती वर्षं शेडमध्ये पडला असेल कोण जाणे.

सोलेनॉइड नीट बसवून वीज दिली तरी कुत्रा लगेच आत शिरत नाही, आणि इथे नवखे लोक घाबरतात. सूर्याला लागून एक अडवणारी कडी असते. इंजिन जोर लावत असेपर्यंत ती कुत्र्याला अडवून धरते, नाहीतर भिरभिरत्या सूर्यात तो घुसला तर दाते उडतील. टेबलावर मागचा शाफ्ट धरायचा आणि पुढचा किंचित मागे फिरवायचा. कडी बाजूला सरकते, टक्. आता पुढचा शाफ्ट सरळ फिरवत खडूची रेघ मोजा. सात फेऱ्या इकडे, दहा तिकडे. पहिल्यांदा मोजताना मी चुकलो असेन म्हणून तीनदा मोजलं.

गाडीत हीच मागे फिरवायची क्रिया चालक करतो. वेग ताशी साधारण ४५ किलोमीटरच्या वर गेला की गव्हर्नर सोलेनॉइडला वीज देतो. कुत्रा दाराशी येऊन थांबतो. चालकाने अ‍ॅक्सिलरेटर क्षणभर सोडला की इंजिन मंदावतं, सूर्य थबकतो, कुत्रा आत. पुन्हा पाय ठेवला की ओव्हरड्राइव्ह. क्लच दाबायला नको, दांडा हलवायला नको. वेग ३५ च्या आसपास उतरला की तो आपोआप सुटतो.

आणि ओव्हरटेकला जोर हवा असेल तर? अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला दाबायचा. तिथला स्विच सोलेनॉइडची वीज तोडतो. पण इंजिनच्या जोराने कुत्रा खाचेत आवळून बसलेला असतो, नुसती वीज तोडून तो निघत नाही. म्हणून तोच स्विच त्याच क्षणी इंजिनची ठिणगी बंद करतो. जोर ओसरतो, स्प्रिंग कुत्र्याला बाहेर खेचते, आणि सोलेनॉइडचा दांडा मागे येताच ठिणगी पुन्हा सुरू. सगळं पापणी लवते तेवढ्यात. एकही संगणक नाही त्यात. या वायरीत गडबड झाली तर पाय तळाला गेल्यावर इंजिन बंदच पडतं, आणि लोक कार्बोरेटर खोलत बसतात.

गव्हर्नर सापडला नाही म्हणून पुष्कळजण डॅशबोर्डवर साधा स्विच लावतात. मला ते पटत नाही. स्विच चालू राहिला आणि गाडी थांबवून रिव्हर्स टाकायला गेलात तर कुत्रा अजून सूर्यात अडकलेला आणि रिव्हर्सचा दांडा त्याच सूर्याला सरकवू पाहतोय. काहीतरी मोडणारच. स्विच हौसेने लावा, पण गव्हर्नरच्या जोडीला. रिले मात्र आजच्या दुकानातला चालतो आणि फ्यूज लावायला लाजू नका. गाडी उभी, इग्निशन चालू, इंजिन बंद असताना गव्हर्नरची वायर अर्थला टेकवली की आधी रिलेची टिक आणि मागोमाग सोलेनॉइडची ठक् ऐकू यावी. (फोर्डसारख्या जोडणीत, तुमच्या गाडीचा नकाशा आधी पाहा.)

बसवताना पुढची बाजू आधी जुळवा: बेल हाउसिंगची (क्लचभोवतीच्या घंटेसारख्या आवरणाची) भोकं, शाफ्टचे खाचेरी दाते, शाफ्टचं टोक इंजिनच्या बुशात बसतंय का. त्याच कंपनीचा, त्याच वर्षांचा बॉक्स असेल तर निम्मी कामं वाचतात. शेपूट लांब म्हणून प्रॉपेलर आखूड करून तोलून घ्यावा लागतो. नॅशसारख्या बंद नळीच्या गाडीतला बॉक्स घेऊ नका, त्याचं मागचं टोकच निराळं. डिफरन्शियलकडेही बघा. कारखान्यातून ओव्हरड्राइव्हसकट निघालेल्या गाड्यांना मागे मोठा आकडा दिलेला असायचा. ३.७३ च्या मागे हा बॉक्स लावला तर १०० च्या वेगाला इंजिन १,९५० वर येतं. ऐकायला छान, पण शंभर घोड्यांच्या जुन्या इंजिनात तिथे दम उरत नाही आणि लहानशा चढालाही ओव्हरड्राइव्ह सोडावा लागतो. मी ४.१० चा डिफरन्शियल शोधला. स्पीडोमीटरची लहान चक्री मग त्या आकड्याला जुळणारी हवी.

तेल साधं, जुन्या पद्धतीचं गिअर ऑइल. जीएल-५ या दर्जाच्या नव्या तेलातली गंधकाची रसायनं काही वेळा पितळी कड्यांना खातात. पुढच्या बॉक्सचा आणि शेपटीचा प्लग वेगवेगळा असेल तर दोन्हीकडून भरा. एकीकडून भरून ‘आपोआप जाईल मागे’ म्हणणाऱ्याची गाडी मी पाहिली आहे. गेलं, पण उशिरा गेलं.

केबल जोडताना मूठ पूर्ण बाहेर म्हणजे लिव्हरही पूर्ण टोकाला पोचायला हवा. तो मधेच लोंबकळला तर आतले दाते अर्धवट लागून करकरतात. चालत्या गाडीत मूठ ओढायची झाली तर अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून, इंजिन गाडीला ढकलत असताना.

आणि घाट. मूठ आत असताना ३५ च्या खालच्या वेगाने उतरलात तर इंजिनचा ब्रेक शून्य, सगळा भार जुन्या ड्रम ब्रेकवर. बोरघाटात अशी गाडी न्यायची असेल तर उतार लागण्याआधी मूठ बाहेर, नंतर नव्हे. बॅटरी उतरलेली गाडी धक्का देऊन सुरू करायची तरी मूठ बाहेरच हवी. नाहीतर चार माणसं घाम गाळतील आणि इंजिनला पत्ताही लागणार नाही. उतारावर गाडी गिअरमध्ये लावून उभी केली आणि मूठ आत राहिली तर ती फ्रीव्हीलवर पुढे घरंगळते. माझी घरासमोरच्या उतारावर दोन वीत सरकली तेव्हा मी नशिबाने शेजारीच उभा होतो. त्या दिवशी मुठीला पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्याने बांधली, मुलगा गाडी घेऊन जातो म्हणून मराठीत: ‘उतरण्याआधी ओढ.’